एसएमबी-१ बंद करायचा, पण मशिन शॉप थांबू द्यायचं नाही

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शिरोली एमआयडीसीत तुमचं मशिनिंगचं युनिट आहे. ऑफिसात विंडोज सर्व्हर २००८ आर२ आहे. त्यावर ड्रॉइंग्ज, टॅलीचा डेटा आणि फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला स्टोअर्सचा जुना प्रोग्रॅम. शॉपफ्लोअरवरच्या दोन सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) मशिनचे कंट्रोलर विंडोज एक्सपीवर चालतात आणि पार्ट प्रोग्रॅम, म्हणजे त्या सूचनांच्या फाइल, याच सर्व्हरवरून उचलतात. कॉपियर मशीन स्कॅन केलेले कागद एका शेअर फोल्डरमध्ये टाकतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून तुम्ही पीसी बदलले, आणि नव्या विंडोज ११ वरून सर्व्हरच उघडेना. तुमच्या हार्डवेअरवाल्याने सगळ्या पीसींवर 'एसएमबी १.०' (एसएमबी-१) ला, म्हणजे नेटवर्कवरून फाइल उघडण्याच्या जुन्या पद्धतीला, टिक केली आणि काम सुरू झालं. आता मोठ्या ग्राहकाची सुरक्षेची प्रश्नावली आली आहे आणि तिच्यात एसएमबी-१ बंद असल्याची लेखी खात्री मागितली आहे. बंद केला तर काम थांबेल, चालू ठेवला तर ऑर्डर जाईल, अशी तुमची अडचण.

मी तुमच्यासारख्याच कारखान्यांची आणि ऑफिसांची नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे ही कोंडी मला नवी नाही. पण चालू की बंद, असा प्रश्न विचारला तर उत्तर सापडत नाही. प्रश्न असा विचारायला हवा की एसएमबी-१ शिवाय ज्याचं खरोखर भागत नाही असं तुमच्याकडे नेमकं काय आहे? तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ते दोन कंट्रोलर दिसतात, आणि कदाचित कॉपियर. टॅलीला त्याची गरज नाही. पीसींना नाही. आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण तुमच्या सर्व्हरलाही नाही.

नेटवर्कवरून फाइल उघडताना दोन यंत्रं ज्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात तिचं नाव एसएमबी. तिचा पहिला अवतार १९८० च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाला, पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवत नेला. एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांना फक्त तोच येतो. व्हिस्टाबरोबर एसएमबी-२ आला, विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ मध्ये २.१, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ मध्ये ३.०, आणि विंडोज १० पासून ३.१.१. दोन यंत्रं जोडली जाताना दोघांनाही येणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडली जाते. म्हणजे विंडोज ११ आणि २००८ आर२ यांचं बोलणं आपसूक २.१ वर व्हायला हवं. तुमच्याकडे ते होत नाही, याचा अर्थ त्या सर्व्हरवर कधीतरी कुणीतरी एसएमबी-२ मुद्दाम बंद करून ठेवला आहे.

असं कोण करेल? फॉक्सप्रोची डीबीएफ (डेटाची) फाइल शेअरवर ठेवून पाचसहा जण एकाच वेळी वापरतात अशा ठिकाणी हे पुष्कळदा केलेलं सापडतं. एसएमबी-२ मध्ये पीसी सर्व्हरकडून मिळालेली माहिती थोडा वेळ आपल्याजवळ साठवतो, म्हणजे प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारावं लागत नाही. वर्ड-एक्सेलच्या फाइलला त्याचा फायदाच होतो. पण स्टोअरकीपरने एका टेबलावर बेअरिंगची इश्यू एंट्री केली आणि शेजारच्या टेबलावर शिल्लक जुनीच दिसते आहे, मग दुसऱ्याने त्या जुन्या शिलकीवर एंट्री केली आणि इंडेक्स फाइल बिघडली, असे प्रकार जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये घडतात. एसएमबी-१ मध्ये हे साठवणं सर्व्हरवरून बंद करता यायचं. ती सेटिंग एसएमबी-२ ला लागू होत नाही. म्हणून त्या काळच्या तंत्रज्ञांनी सर्व्हरवर एसएमबी-२ च बंद केला. तेव्हा सगळे पीसी एसएमबी-१ बोलू शकत होते, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. आज नवे पीसी आल्यावर ते उघडं पडलं.

तपासायला सोपं आहे. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) 'लॅनमनसर्व्हर' सेवेच्या 'पॅरामीटर्स' मध्ये 'एसएमबी२' नावाची नोंद आणि तिची किंमत शून्य दिसली, तर माझा अंदाज बरोबर. ती नोंद काढून सर्व्हर रीस्टार्ट केला की नवे पीसी कुठल्याही टिकशिवाय जोडले जातील आणि एक्सपीचे कंट्रोलर पूर्वीसारखेच एसएमबी-१ वर चालू राहतील. हे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा, आणि त्याआधी सर्व्हरच्या पूर्ण डिस्कची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती केबल काढून कपाटात ठेवा. इतक्या जुन्या सर्व्हरला रीस्टार्ट करणं हीच स्वतंत्र जोखीम असते.

फॉक्सप्रोचं मात्र त्याच दिवशी बघावं लागेल, नाहीतर जुनं दुखणं परत येईल. दोन मार्ग आहेत. पहिला : ज्या पीसींवर स्टोअर्सचा प्रोग्रॅम चालतो तिथे 'लॅनमनवर्कस्टेशन'च्या पॅरामीटर्समध्ये फोल्डरची माहिती, फाइलची माहिती आणि 'फाइल सापडली नाही' ही माहिती साठवण्याच्या तीन मुदती असतात. मूळ मुदत अनुक्रमे १०, १० आणि ५ सेकंद असते. तिन्ही शून्य करा. यामुळे पीसी दर वेळी सर्व्हरला विचारतो. नेटवर्क जरा जास्त वापरलं जातं, पण तुमच्याएवढ्या ऑफिसात ते लक्षातही येत नाही. त्रास पुष्कळ कमी होतो, पण सगळ्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण जातोच अशी खात्री मी देणार नाही, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने रेकॉर्ड लॉक कसे केलेत यावरही ते अवलंबून आहे. दुसरा मार्ग मला जास्त पटतो : प्रोग्रॅम आणि त्याची डीबीएफ एकाच यंत्रावर ठेवायची आणि सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने तिथे जाऊन काम करायचं. मग डीबीएफ नेटवर्कवरून फिरतच नाही आणि फाइल शेअरिंगची आवृत्ती कुठली, हा प्रश्न फॉक्सप्रोपुरता संपतो. त्यासाठी रिमोट डेस्कटॉपची लायसन्स घ्यावी लागतात, तो खर्च धरा.

आता त्या टिककडे येतो, कारण घाई आहे ती तिथे. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडून 'एसएमबी १.० / सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट' शेजारचं अधिकचं चिन्ह दाबा. आत तीन वेगळ्या चौकटी दिसतील : ऑटोमॅटिक रिमूव्हल, क्लायंट आणि सर्व्हर. बाहेरच्या मोठ्या चौकटीवर टिक केली की तिन्ही चालू होतात, आणि घाईत बहुतेक जण तेच करतात. जुन्या सर्व्हरवरची फाइल उघडायला फक्त क्लायंट लागतो. सर्व्हरची चौकट चालू असली की तो पीसी स्वतःच इतरांचं एसएमबी-१ बोलणं ऐकायला दार उघडून बसतो. तुमच्याकडे आज बहुधा प्रत्येक पीसी तसा बसला आहे. तेव्हा आजच्या आज प्रत्येक पीसीवरची सर्व्हरची टिक काढा. अपवाद एकच, कॉपियर ज्या पीसीवर स्कॅन टाकतो तो. कॉपियर जुना असेल तर त्याची सोय होईपर्यंत ती चौकट राहू द्या. बाकीच्यांवरून काढल्याने काहीही अडणार नाही. पीसी-पीसीमध्ये कुणी फोल्डर शेअर केला असेल तर तो नव्या आवृत्तीवर चालेल.

विंडोज ती टिक कधीतरी आपोआप काढून टाकेल, या भरवशावर राहू नका. पंधरा दिवस वापर नसला तर एसएमबी-१ काढून टाकण्याची सोय विंडोजमध्ये आहे खरी, पण ती एकदाच चालते. माणसाने हाताने परत बसवलं की विंडोज पुन्हा प्रयत्न करत नाही. तुमच्याकडे ते हाताने बसवलं आहे, त्यामुळे ते हातानेच काढावं लागेल.

एवढा आग्रह का, तेही सांगतो. एसएमबी-१ मध्ये एन्क्रिप्शन नाही. मधल्या माणसाने बोलणं बदललं तर ते ओळखण्याची पुढे आलेली पक्की व्यवस्था नाही. शिवाय शंभराहून जास्त आज्ञांचा जुना पसारा आहे, जो एसएमबी-२ मध्ये एकोणीसवर आणला गेला. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा या प्रोटोकॉलची जबाबदारी सांभाळणारे नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्येच उघड आवाहन केलं होतं की एसएमबी-१ वापरणं थांबवा. १४ मार्च २०१७ ला त्यातल्या एका गंभीर दोषाचा पॅच आला, एप्रिलमध्ये त्या दोषाचा फायदा घेणारं इटर्नलब्लू हे हत्यार इंटरनेटवर फुटलं, १२ मेला वॉनाक्राय हा त्याच दोषातून पसरणारा व्हायरस आला आणि २७ जूनला तसाच नॉटपेट्या. त्या जूनमध्ये आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं होतं, ते अनेकांना आठवत असेल. पॅच येऊन तेव्हा तीन महिने उलटले होते.

नॉटपेट्यातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. तो एका यंत्रात शिरला की तिथल्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलायचा आणि त्या पासवर्डने शेजारच्या यंत्रात जायचा, मग शेजारच्या यंत्रावर पॅच असला तरी. म्हणजे एसएमबी-१ बंद केलात पण सगळ्या पीसींवर ॲडमिनचा पासवर्ड तोच ठेवलात, तर अर्धं दार उघडंच राहिलं. हार्डवेअरवाल्याने सोयीसाठी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला असेल, तो याच कामात बदलून घ्या.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण त्यामुळे लोक उगाच एसएमबी-१ चालू करतात. नव्या विंडोजवर शेअर उघडलं नाही की दर वेळी कारण एसएमबी-१ नसतं. स्क्रीनवरचा संदेश पूर्ण वाचा. हे शेअर असुरक्षित आहे आणि त्याला कालबाह्य एसएमबी-१ लागतं, असं स्पष्ट लिहिलं असेल तरच ते कारण. 'संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्या खात्याला प्रवेश नाही' अशा अर्थाचा संदेश असेल, तर समोरच्या यंत्रावर पासवर्डशिवाय शेअर ठेवलेलं आहे. तिथे नावाचं खातं आणि पासवर्ड तयार केला की काम होतं. सही अवैध असल्याचा संदेश असेल, तर कारण वेगळं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइजमध्ये प्रत्येक एसएमबी जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली आहे, आणि जुनी नॅस (नेटवर्कवर फाइल साठवणारी पेटी) किंवा कॉपियर ती देऊ शकत नाही. नॅसच्या सेटिंगमध्ये साइनिंग (ही सही) चालू करता येतं का ते आधी बघा. पीसीवरची सक्ती काढणं हा शेवटचा उपाय. आणि 'नेटवर्क'मध्ये बाकीचे पीसी दिसतच नाहीत, ही तक्रार असेल तर तिसरंच कारण. ती जुनी यादी एसएमबी-१ वर अवलंबून होती, आता ते काम 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा करते. ती ऑटोमॅटिकवर ठेवा, किंवा सरळ सर्व्हरचं नाव टाइप करून ड्राइव्ह मॅप करा. यादीत दिसणं आणि फाइल उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

एवढं झालं की पीसींवरचा क्लायंटही काढता येईल. मग उरतो तो खरा गुंता : सर्व्हरवर एसएमबी-१ अजून कोण वापरतंय? आठवणीवर विसंबू नका. कंट्रोलर आणि कॉपियर तुम्हाला माहीत आहेत, पण हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, क्वालिटी रूममधल्या मोजणी यंत्राचा जुना पीसी, असं काहीतरी बहुतेक ठिकाणी निघतंच. सर्व्हर २०१६ किंवा पुढचा असता तर एसएमबी-१ ची ऑडिट नोंद चालू करून एसएमबीसर्व्हरच्या ऑडिट लॉगमधली घटना क्रमांक ३००० बघितली असती. प्रत्येक नोंदीत जुनं बोलणाऱ्या यंत्राचा पत्ता मिळतो. २००८ आर२ मध्ये ती सोय नाही. तिथे मॅनेज्ड (सेटिंग करता येणाऱ्या) स्विचवर सर्व्हरच्या पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढून वायरशार्क हा नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम लावायचा. त्यात 'एसएमबी' एवढाच फिल्टर दिला की फक्त पहिली आवृत्ती दिसते. दोन आणि तीन 'एसएमबी२' या फिल्टरमध्ये येतात.

इथे एक फसगत होते ती लक्षात ठेवा. ज्या पीसीवर एसएमबी-१ चा क्लायंट अजून आहे, तो नव्या आवृत्तीने बोलणार असला तरी पहिलं वाटाघाटीचं पॅकेट जुन्या पद्धतीनेच पाठवतो, आणि त्यातच आपल्याला एसएमबी-२ येतो असं सांगतो. त्या एका पॅकेटवरून त्या पीसीला दोषी धरू नका. वाटाघाटीनंतर लॉगिनचं पॅकेटही एसएमबी-१ मध्येच गेलं, तर ते यंत्र खरोखर जुनं बोलतंय. आणि ही नोंद दोन दिवसांची नको. पगाराचे दिवस, जीएसटी रिटर्नची तारीख आणि महिनाअखेरचा स्टॉक, सगळं त्यात येईल असा किमान एक पूर्ण महिना चालू द्या. महिन्यातून एकदाच लागणारं यंत्र नेमकं बंद केल्यानंतरच आठवतं.

आता कंट्रोलर. एक्सपीवर चालणारा कंट्रोलर असुरक्षित आहे म्हणून मशीन बदला, असा सल्ला मी देणार नाही. चांगलं चालणारं मशीन आहे, त्यावर तुमचं उत्पादन उभं आहे. कंट्रोलरमध्ये स्वतः विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरस टाकायला जाऊ नका. मशीन बनवणाऱ्याच्या सर्व्हिस इंजिनिअरला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. वॉनाक्रायनंतर मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही पॅच दिला होता. तो बसलाय का आणि बसवता येईल का, हे त्याच इंजिनिअरला विचारा.

आधी हेही विचारा की कंट्रोलर एफटीपीवरून (फाइल पाठवण्याची दुसरी जुनी पद्धत) प्रोग्रॅम घेऊ शकतो का. फानुक या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीच्या डेटा सर्व्हरसारख्या व्यवस्थेत ते जमतं. एफटीपीतही पासवर्ड उघडाच जातो, पण वेगळ्या केलेल्या जाळ्यात ते खपवून घेता येतं आणि एसएमबी-१ पूर्णच सुटतो. तसं जमत नसेल, तर कंट्रोलरला ऑफिसच्या नेटवर्कमधून बाहेर काढायचं आणि मध्ये एक छोटं यंत्र ठेवायचं.

मी ते असं करतो. दोन लॅन कार्डं असलेला साधा पीसी, त्यावर लिनक्स. एक कार्ड ऑफिसच्या नेटवर्कला, दुसरं एका स्वतंत्र स्विचला, आणि त्या स्विचला फक्त सीएनसीचे कंट्रोलर. दोन्ही बाजूंमध्ये राउटिंग बंद. कंट्रोलरच्या बाजूला इंटरनेट नाही, गेटवे नाही. या पीसीवर सांबा (लिनक्सवर एसएमबी चालवणारा प्रोग्रॅम) फक्त कंट्रोलरच्या बाजूच्या कार्डावर चालवायचा. सांबाने ४.११ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी-१ मुळातच बंद ठेवला आहे, त्यामुळे इथे किमान प्रोटोकॉल 'एनटी१' (म्हणजे एसएमबी-१) असा मुद्दाम द्यावा लागतो. ही सेटिंग पूर्ण सांबाला लागू होते, एका कार्डापुरती देता येत नाही. म्हणून ऑफिसच्या बाजूने या यंत्रावर एसएमबी ठेवायचाच नाही. सर्व्हरवरचे पार्ट प्रोग्रॅम दर मिनिटाला एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून इथे आणायचे.

कंट्रोलरला या फोल्डरमध्ये फक्त वाचायची परवानगी द्या. ऑपरेटरने मशीनवर ऑफसेट किंवा फीड बदलून प्रोग्रॅम परत पाठवायचा असेल, तर त्यासाठी 'परत आलेले' असा वेगळा फोल्डर. तिथून प्रोग्रॅमरने बघून मगच मूळ फोल्डरमध्ये घ्यायचा. कंट्रोलरला उद्या काही लागलंच तरी मूळ प्रोग्रॅमपर्यंत त्याचा हात पोचत नाही, हा याचा फायदा. शिवाय रात्रपाळीत कुणी काय बदललं ते कळतं. ही शिस्त बऱ्याच शॉपना सुरक्षेपेक्षा क्वालिटीसाठी जास्त आवडते.

बसवताना अडेल ते लॉगिनपाशी. एक्सपी मूळ सेटिंगमध्ये पासवर्डची जुनी, कमजोर पद्धत वापरतो आणि आजचा सांबा ती नाकारतो. एक्सपीला नवी पद्धत वापरायला सांगणारी एक रजिस्ट्री नोंद आहे. इंजिनिअर ती बदलू देत असेल तर उत्तम. नसेल तर सांबात जुनी पद्धत चालू करा, पण त्या खात्याचं नाव आणि पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नको. यंत्राला जुन्या सर्व्हरचंच नाव दिलं आणि शेअरचं नावही तेच ठेवलं, तर ऑपरेटरला ड्राइव्ह पूर्वीसारखाच दिसतो. फक्त कंट्रोलरचा आयपी पत्ता नव्या मालिकेतला द्यावा लागेल.

ही सोय ऑपरेटरला पूर्वीइतकीच सोपी वाटली पाहिजे, यावर मी अडून बसतो. नेटवर्क अवघड केलं की लोक पेन ड्राइव्ह आणतात, आणि तोच पेन ड्राइव्ह घरच्या पीसीत, सायबर कॅफेत आणि मग थेट कंट्रोलरमध्ये जातो. मग वेगळं जाळं करून काय मिळवलं?

कॉपियरचं उत्तर मॉडेलवर अवलंबून आहे. आधी कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून नवं फर्मवेअर आहे का बघा. काही मॉडेलना त्यातून एसएमबी-२ किंवा ३ मिळतो. नसेल तर एफटीपीवर स्कॅन. ईमेलवर स्कॅन सोपं वाटतं, पण जुन्या मशीनला आजचं टीएलएस (मेलची एन्क्रिप्टेड जोडणी) येत नसेल तर मेल सर्व्हर ते नाकारतो, आणि जीमेल वापरत असाल तर २०२२ पासून साधा पासवर्ड चालत नाही, ॲप पासवर्ड लागतो. यातलं काहीच जमत नसेल तर कॉपियर बदलण्याचा खर्च मला योग्य वाटतो. सीएनसीसाठी जी कसरत करायची ती कॉपियरसाठी करण्यात अर्थ नाही. अनेक ठिकाणी तो भाड्यानेच असतो, मग करार नूतनीकरणाच्या वेळी बदलून मागा.

म्हणजे कामाचा क्रम असा लागतो : आज पीसींवरच्या सर्व्हरच्या टिका काढा, सुट्टीच्या दिवशी इमेज घेऊन सर्व्हरवर एसएमबी-२ चालू करा आणि फॉक्सप्रोची व्यवस्था लावा, मग पीसींवरचा क्लायंट काढा, महिनाभर नोंद ठेवा, कंट्रोलर आणि कॉपियर बाजूला काढा, आणि सर्वांत शेवटी सर्व्हरवरचा एसएमबी-१ बंद करा. २००८ आर२ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे, त्यामुळे तो सर्व्हर बदलणं टळत नाही. पण वरच्या क्रमाने गेलात तर नवा सर्व्हर पहिल्या दिवसापासून एसएमबी-१ शिवाय उभा राहील आणि जुन्याचं ओझं त्याच्यावर येणार नाही. बदली झाल्यावर जुना सर्व्हर 'असू दे एखाद्या वेळी लागेल' म्हणून चालू ठेवू नका. डेटा तपासून घ्या आणि बंद करा.

राउटरवर ४४५ आणि १३९ हे एसएमबीचे पोर्ट बाहेरून उघडे नाहीत ना, तेवढं आजच बघा. दुसऱ्या युनिटमधून किंवा घरून ड्रॉइंग बघता यावीत म्हणून कुणी पोर्ट फॉरवर्ड केलेलं असेल तर ते लगेच काढा आणि व्हीपीएन (सुरक्षित खाजगी जोडणी) लावा. यात परिस्थितीवर अवलंबून असं काहीच नाही.

ग्राहकाच्या प्रश्नावलीत आज 'बंद आहे' असं लिहू नका. खोटी खात्री देऊन पुढे काही घडलं तर प्रकरण करारापर्यंत जातं. त्याऐवजी अपवादाची नोंद द्या : कुठल्या दोन मशिनना एसएमबी-१ लागतो, का लागतो, ती कुठल्या वेगळ्या जाळ्यात आहेत, ग्राहकाची ड्रॉइंग्ज त्या जाळ्यात जात नाहीत, जबाबदार व्यक्ती कोण आणि पुन्हा आढावा कधी. काम अजून व्हायचं असेल तर प्रत्येक टप्प्याची तारीख द्या. माझ्या अनुभवात तपासणारे लोक अशा कागदाला कोऱ्या 'हो' पेक्षा जास्त मान देतात, कारण जुनी मशिनं त्यांच्या स्वतःच्या प्लांटमध्येही असतात. सोबत हेही लिहा की घटना घडली तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवण्याची २०२२ च्या निर्देशांतली जबाबदारी कोण पार पाडेल. हा प्रश्न पुढे येतोच.

पुढचं नेमकं सांगण्यासाठी मला तीन गोष्टी लागतील : कंट्रोलरचा मेक आणि मॉडेल, कॉपियरचं मॉडेल, आणि सर्व्हरच्या रजिस्ट्रीत 'एसएमबी२' ची नोंद आहे की नाही. कंट्रोलर प्रोग्रॅम स्वतः सर्व्हरवरून ओढतो की प्रोग्रॅमर पीसीवरून कंट्रोलरच्या फोल्डरमध्ये टाकतो, तेही कळवा. दुसऱ्या प्रकारात कंट्रोलर हाच एसएमबी-१ चा सर्व्हर असतो, आणि मग मधल्या यंत्राची मांडणी उलटी करावी लागते.